दोनशे चाळीस फरश्या

फरशीवाल्याच्याच घरात फरशी अर्धवट, म्हणून लोक हसायचे. सुरुवातीला मीही हसले, मग वर्षभर भांडले, आणि शेवटी हात टेकले. रोज सकाळी केर काढून झाला की मी दाभण घेऊन जमिनीवर बसायची आणि रिकाम्या सांध्यांतली घाण उकरून काढायची. पावाचे कण, केस, पेन्सिलीची टोकं, एकदा तर माझ्या कानातल्याची फिरकी. फरशी बसवली की दोन फरश्यांच्या मध्ये काडीएवढी फट राहते, तो सांधा. दुसऱ्या दिवशी व्हाइट सिमेंट कालवून सांधे भरायचे, ओल्या फडक्याने पुसायचे, झालं काम. सगळ्या जगाच्या घरात हे दुसऱ्या दिवशी होतं. आमच्या घरात त्याला वीस वर्षं लागणार होती.

कल्पना आमच्या मिस्त्रींची. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, मीही म्हणते. लग्न झालं तेव्हा चिडवायला म्हणत होते, आता तोंडात तेच बसलं आहे.

घर घेतलं तेव्हा ते नुसतं सिमेंटचं खोकं होतं, तिसऱ्या मजल्यावरचं. तळाला खडबडीत कोबा, भिंतींना एक हात चुना, म्हणून चोवीस लाखांत मिळालं. चार आमचे, वीस बँकेचे. दर साडेनऊ टक्के, वीस वर्षं कायम. बाजारात दर वर जावो की खाली येवो, आमचा हप्ता महिन्याला अठरा हजार सहाशे त्रेचाळीस. पहिला तोच, शेवटचा तोच. हे ऐकून मिस्त्री इतके खूश झाले की बँकेतच मला कोपर मारून म्हणाले, "बघ, हप्ता लेव्हलमध्ये आहे."

ज्या माणसाचा सगळा जन्म लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मध्यावर आणण्यात गेला, त्याला याहून मोठी खात्री कोण देणार? वीस वर्षांचे हप्ते दोनशे चाळीस. घरी येऊन त्यांनी माप घेतलं, दीड फुटी फरशीचा हिशोब मांडला, कोपऱ्यात थोडी काटछाट केली आणि बाहेरची खोली, आतली खोली, मधली वाट मिळून बरोबर दोनशे चाळीस फरश्या बसवल्या. सांधे मात्र भरले नाहीत. "हप्ता गेला की एक फरशी आपली," म्हणाले. "जी आपली, तिचेच सांधे भरायचे. बँकेच्या फरशीला मी फुकटात सिमेंट का लावू?"

नकाशा काढायला मोठा कागद हवा होता. बँकेच्या फाइलीत आकड्यांनी भरलेली चार मोठी पानं होती, मागची बाजू कोरी. ती चार पानं शेजारी शेजारी ठेवून मीच चिकटपट्टीने जोडली. त्यावर त्यांनी पट्टीने दोनशे चाळीस चौकोन आखले. आणि तो कागद दाराशेजारच्या भिंतीवर, चारही बाजूंनी चिकटपट्टी मारून, मीच लावला. हे मीच केलं, हे मला पुढे किती वेळा आठवलं ते विचारू नका.

दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता जायचा. त्या संध्याकाळी मिस्त्री अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, वाटीत व्हाइट सिमेंट कालवून एका फरशीपुढे मांडी घालून बसायचे. बोटाने सांधा भरायचा, पत्र्याने दाबायचा, पुसायचा. मग उठून कागदावर एका चौकोनात फुली. पाहुणा आला की त्याला भरलेल्या फरश्यांवरच बसवायचे. म्हणायचे, "इकडे या, इकडे आमचं आहे." आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची. तिने त्याचा खेळच केला. भरलेल्या भागात उभी राहून, "मी आपल्या घरात," आणि उडी मारून पलीकडे गेली की, "आता मी बँकेच्या घरात." जेवायला हाक मारली की कधी कधी बँकेच्या घरातून ओरडायची, "येते गं!"

सात वर्षांत चौऱ्याऐंशी फरश्या भरून झाल्या. एकही हप्ता चुकला नाही. मी हॉस्पिटलच्या धुलाई खात्यात चादरी घड्या घालते, माझा पगार घराला आणि त्यांची कमाई हप्त्याला, असं ठरलेलं. त्यांना मजुरी फुटावर. पहिला फूट असो की शेवटचा, भाव एकच. माणूस ज्या मापाने स्वतः मोजला जातो, त्याच मापाने तो जगही मोजतो. यात त्यांचं काय चुकलं, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

खोकला पाचव्या वर्षी सुरू झाला. मी म्हणायची डॉक्टरकडे चला, ते म्हणायचे, धूळ आहे, पाणी प्यायलं की बसेल. ती बसली होतीच. सातव्या वर्षी जिना चढताना ते दुसऱ्या मजल्यावर थांबले आणि कुणाच्या तरी दारावरची पाटी वाचत असल्याचं नाटक करू लागले, तेव्हा मी त्यांना ओढत आमच्याच हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. छातीत दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके.

"दगडाची धूळ आहे," डॉक्टर म्हणाले. "गेलं ते परत येणार नाही. पण आज फरशी कापायचा कटर खाली ठेवलात तर उरलंय ते बरीच वर्षं टिकेल."

"आणि नाही ठेवला तर?" मी विचारलं.

त्यांनी मिस्त्रींना बाहेर वजन करायला पाठवलं आणि मला सांगितलं, "दोन वर्षं. फार तर तीन."

मी मिस्त्रींना हा आकडा सांगितला. लपवलं असतं तर त्यांनी ऐकलंच नसतं. ते बाकावर बसले, आपले तळवे उलटसुलट करून बघितले. मग म्हणाले, "घर विकू."

त्यांचा हिशोब डोक्यात तयार होता. एक गिऱ्हाईक मागेच विचारून गेलं होतं, चोवीस लाख द्यायला तयार. वीस लाखांतल्या चौऱ्याऐंशी फरश्या आपल्या, म्हणजे सात लाख फिटले, तेरा उरले. चोवीसातून तेरा गेले की हातात अकरा. गावाबाहेरच्या रस्त्याला तळमजल्यावर एक खोली आणि पुढे गाळा दहा लाखांत मिळत होता. मागे राहायचं, पुढे फरशीचं चिकट सिमेंट, सांध्यांचे रंग, थाप्या, रबरी हातोडे विकायचे. "खुर्चीवर बसून," म्हणाले. "खुर्चीवर बसून गं!" मी इतक्या वर्षांत या माणसाला कामावर खुर्चीत बसलेलं पाहिलेलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

बँकेत जायच्या दिवशी सकाळी त्यांनी कटर पुसला, वायर गुंडाळली आणि आपल्या जोडीदाराला बोलावलं. हा जोडीदार कामात इतका सावकाश की सगळे त्याला एक्स्प्रेस म्हणतात. मिस्त्रींनी कटर त्याच्या हातात ठेवला. "तुला घे. आता मला नको."

"दादा, पैसे?"

"पैसे कसले? फक्त पाती वेळेवर बदल. आणि तोंडाला फडकं बांध, माझ्यासारखा शहाणपणा करू नको."

एक्स्प्रेस जिना उतरून गेला. मिस्त्रींनी दोन्ही हात झटकले आणि माझ्याकडे बघून हसले. सात वर्षांत त्यांचा चेहरा मी इतका मोकळा पाहिला नव्हता. त्यांच्या सुटकेचा सगळा काळ मोजला तर तो साडेतीन तास भरेल.

कर्जाच्या टेबलावर एक मध्यमवयीन बाई होती, चष्मा डोक्यावर सरकवलेला, पेन दोरीने टेबलाला बांधलेलं. मिस्त्रींनी सांगितलं, कर्ज पूर्ण फेडायचं आहे, आकडा लिहून द्या, तेरा लाखांच्या आसपास असेल. बाईंनी बटणं दाबली आणि आकडा वाचला. "सोळा लाख सहासष्ट हजार सहाशे सत्तेचाळीस. शिवाय स्थिर दराचं कर्ज मुदतीआधी बंद करताय, त्याचे दोन टक्के."

"दुसऱ्या कुणाचं उघडलंत," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी नाव, पत्ता, खाते नंबर वाचला. सगळं आमचंच.

"मॅडम, मी चौऱ्याऐंशी हप्ते भरलेत. पंधरा लाख सहासष्ट हजार दिलेत तुम्हाला. एक दिवस उशीर नाही."

"हो, खातं अगदी स्वच्छ आहे तुमचं," बाई म्हणाल्या, आणि ते कौतुकाने म्हणाल्या. "त्यातले बारा लाख तेहतीस हजार व्याजात गेले. मुद्दलात तीन लाख तेहतीस."

मीच तोंड उघडलं. "असं कसं? हप्ता तर पहिल्यापासून सारखाच आहे."

"हप्ता सारखा असतो, पण आतली वाटणी सारखी नसते." बाईंनी एक चिठ्ठी पुढे ओढली. त्या वाईट नव्हत्या. समजावून सांगायला त्यांनी रांगेतल्या माणसाला थांबवलं. "व्याज दर महिन्याला उरलेल्या रकमेवर लागतं. पहिल्या महिन्यात तुमच्याकडे वीस लाख होते, तर वीस लाखांचं एका महिन्याचं व्याज पंधरा हजार आठशे तेहतीस. ते आधी कापायचं. मग उरले दोन हजार आठशे दहा, तेवढेच मुद्दलातून कमी झाले. पुढच्या महिन्यात मुद्दल जरासं कमी, म्हणून व्याजही जरासं कमी, मुद्दलाला जरासं जास्त. असं हळूहळू सरकत जातं."

"म्हणजे वीस लाखांचं भाडं," मिस्त्री म्हणाले.

"तसं समजा. याचं पूर्ण कोष्टक पहिल्याच दिवशी देतो आम्ही. दोनशे चाळीस ओळी, चार पानं. तुमच्या फाइलीत असेल."

मिस्त्रींनी आणि मी एकमेकांकडे बघितलं नाही. दोघांनाही माहीत होतं ती चार पानं कुठे आहेत.

घरी आल्यावर मी नखाने चिकटपट्टी सोडवली. चुन्याचा पोपडा निघाला. कागद उलटा करून जमिनीवर पसरला. मागे चौऱ्याऐंशी फुल्या, पुढे दोनशे चाळीस ओळी. हप्ता, व्याज, मुद्दल, बाकी. सगळं पहिल्या दिवसापासून तिथेच भिंतीकडे तोंड करून लिहिलेलं होतं आणि आम्ही त्याच्या पाठीवर फुल्या मारत होतो. मला त्या बाईचा राग येईना, बँकेचाही येईना. राग स्वतःचाच आला, इतका की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळली.

मिस्त्री दुपारभर त्या कागदावर ओणवे होते. एका फरशीचे आठ हजार तीनशे तेहतीस, हा त्यांचा जुना भाव. त्या भावाने मुद्दल मोजत मोजत चौऱ्याऐंशीव्या ओळीपर्यंत आले. "चाळीस," म्हणाले.

"काय चाळीस?"

"चाळीस फरश्या आपल्या. बाकीच्या चव्वेचाळीस मी उगीच भरल्या."

मग ते उठले, पटाशी आणली आणि एक्केचाळिसाव्या फरशीपाशी बसून सांध्यातलं सिमेंट उकरायला लागले. पांढरी धूळ उडाली. मी किंचाळले, "अहो, डोकं फिरलंय का? ती धूळ कुठे जाते माहितेय ना?" त्यांनी ऐकलं नाही. मी तांब्याभर पाणी आणून सांध्यांवर ओतलं. फडकं त्यांच्या तोंडावर बांधलं. आणि मग, काय करणार, दाभण घेऊन त्यांच्या शेजारी बसले. सात वर्षं ज्या दाभणाने मी रिकामे सांधे साफ केले, त्याच दाभणाने भरलेले रिकामे केले. शाळेतून मुलगी आली. आता ती अकरा वर्षांची होती, सगळं कळत होतं. दप्तर न काढता दारातच उभी राहिली.

"आपण परत बँकेच्या घरात गेलो का?"

तिने चप्पल काढली आणि चाळीस फरश्यांच्या आत येऊन बसली.

दोन दिवस उकरणं चाललं. त्या दोन दिवसांत मी जीव तोडून सांगितलं, तरीही विकू. सात लाख मिळतील, भाड्याने राहू, मी दुहेरी पाळी करीन. ते म्हणाले, "सात लाख भाड्यात आणि औषधात किती दिवस पुरतील? मग तू आणि पोरगी कुठे?" आणि वर जे म्हणाले ते मला सहन झालं नाही, "व्याजाचा मोठा डोंगर आपण आधीच चढलोय. आता दर महिन्याला व्याज उतरणार, मुद्दल चढणार. हे बघ, एकशे चोपन्नाव्या महिन्यात मुद्दल व्याजाच्या वर जातं. ऐन उताराला लागायच्या वेळी सोडायचं?"

कागद न समजता त्यांनी सात वर्षं काढली, त्याचं मला वाईट वाटलं होतं. कागद समजल्यावर मात्र मला भीती वाटली. एकशे चोपन्नावा महिना म्हणजे अजून सत्तर महिने. डॉक्टरांनी दिलेली वर्षं मी बोटांवर मोजली. बोटं कमी पडायचा प्रश्नच नव्हता.

तिसऱ्या दिवशी कामाला जाताना मी वाट वाकडी करून एक्स्प्रेसकडे गेले. "मिस्त्री कटरची मशीन मागायला येतील. सांगा, विकली."

"वहिनी, मला खोटं जमत नाही."

"सावकाश बोला. सवय आहे तुम्हाला."

तो हसला नाही. मान मात्र हलवली. संध्याकाळी मिस्त्री रिकाम्या हातांनी घरी आले, चहा घेतला, मुलीचा अभ्यास घेतला. मी मनात म्हटलं, जिंकले. त्यांच्याकडे मशीन नाही, नवी घ्यायला पैसे नाहीत. चार दिवस मी चादरींच्या घड्या घालताना गुणगुणत होते. शेजारची बाई म्हणाली, लॉटरी लागली वाटतं.

पाचव्या दिवशी घरी आले तर दारात एक नवं खोकं. आत कटर, पाण्याची नळी जोडलेला. वर एक छापील कागद.

"अडतीस हजार," मिस्त्री म्हणाले. "हप्त्याने घेतली. अठरा महिने, महिना पंचवीसशे पस्तीस. दुकानदार कोष्टक देत नव्हता. म्हटलं, कोष्टक दे, नाहीतर ठेव तुझी मशीन." त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि बोट ठेवलं. "हे बघ. पहिल्या महिन्यात व्याज सातशे साठ. मुद्दल सतराशे पंच्याहत्तर. इथे पहिल्यापासूनच मुद्दल जास्त आहे. मुदत लहान असली की असं होतं."

किती नीट समजलं होतं त्यांना. मी खोक्याशेजारी बसले. "तुमची जुनी मशीन एक्स्प्रेसकडेच आहे," मी म्हणाले. "मीच त्याला खोटं बोलायला लावलं. माझ्यामुळे हा आणखी एक हप्ता."

"माहितेय. त्याच्या माळ्यावर दिसली मला. तो बिचारा दारात उभा राहून घामाघूम झाला होता." ते माझ्या शेजारी बसले. "म्हटलं, राहू दे. जुनी कोरडी कापते. हिला पाणी आहे, धूळ कमी उडते. तुझ्यासाठीच घेतली गं."

"डॉक्टर म्हणाले कटर खाली ठेवा. पाण्याचा आणा असं नाही म्हणाले."

"खाली ठेवायला खाली जागा आपली हवी ना," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

पुढची पाच तारीख आली. पंच्याऐंशीवा हप्ता गेला. मिस्त्री अंघोळ करून आले, पण जिना चढून आल्यावरची धाप अजून बसली नव्हती. त्यांनी आता भिंतीवर सरळ लावलेला कागद वाचला. व्याज तेरा हजार एकशे चौऱ्याण्णव, मुद्दल पाच हजार चारशे एकोणपन्नास. म्हणजे फरशीचा दोन तृतीयांश. एक्केचाळिसाव्या फरशीच्या सांध्यावर त्यांनी फूटपट्टी धरली आणि पेन्सिलीने खूण केली. वाटीत सिमेंट कालवलं, आणि तेवढ्यात खोकल्याची अशी उबळ आली की वाटी माझ्या हातात द्यावी लागली.

मीच भरायला बसले. बोटाने दाबत, पत्र्याने सरळ करत खुणेपर्यंत आले. थांबायचं होतं. वाटीत सिमेंट उरलेलं होतं, फरशी हातभरही उरलेली नव्हती. दहा-बारा बोटं सांधा. मी हात थांबवला नाही. पेन्सिलीच्या खुणेवरून पुढे गेले, कोपऱ्यापर्यंत सगळं भरून टाकलं आणि फडक्याने पुसलं. एक अख्खी फरशी. मिस्त्री भिंतीला टेकून बघत होते. मला वाटलं, सोडलं त्यांनी.

मी वाटी धुवायला आत गेले. बाहेर आले तर ते फरशीवर वाकलेले, हातात पटाशी. खुणेपलीकडचं ओलं सिमेंट हलक्या हाताने काढून फडक्यात गोळा करत होते. सांधा साफ झाल्यावर त्यांनी फुंकर मारायला तोंड खाली नेलं. फुंकर आलीच नाही. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदाही केला.

मग त्यांनी माझ्याकडे बघून हात पुढे केला, आणि मी त्यांना दाभण दिलं.